नातवंडांच्या हातातील काळोख्या परीकथा



हल्ली नातवंडांच्या दप्तरात किंवा उशीजवळ एक निराळ्याच प्रकारचे पुस्तक दिसू लागले आहे. मुखपृष्ठावर आपल्या ओळखीची शिलगिया असते, पण हातात सफरचंदाऐवजी तलवार. किपा अदुमा असते, पण तिच्या लाल टोपीमागे काळेकुट्ट रान आणि त्यात चमकणारे डोळे. आत सगळी चित्रे, चित्रांत पांढरे फुगे, फुग्यांत दोन-चार इंग्रजी वाक्ये. आजी पुस्तक चाळतात, एका पानावर थबकतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, "हे असले काय वाचतोस रे? आमच्या वेळच्या गोष्टी किती गोड होत्या!"

ही तक्रार आपल्या मंडळींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली, की तिच्यावर सविस्तर लिहावे असे वाटले. आयुष्य वर्गात गेल्यामुळे कोणतीही गोष्ट मुळापासून सांगायची सवय जडली आहे, तेव्हा थोडा धीर धरून वाचावे. ही पुस्तके कोणती, ती कोठून आली, आणि आपण आजी-आजोबांनी त्यांचे काय करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे या लेखात द्यायची आहेत.

ही पुस्तके कोणती?

चित्रकथा आपल्याला परकी नाही. भारतात १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिच्या आधीपासून 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला बुरखेधारी वेताळ मुलांचा लाडका होता. येथे इस्राएलमध्ये अशा पुस्तकांना 'कोमिक्स' म्हणतात. चौकटीपुढे चौकट मांडून गोष्ट सांगायची, एवढेच त्याचे तंत्र. ज्या पुस्तकांविषयी मी लिहीत आहे ती जुन्या परीकथांतली पात्रे घेतात, परंतु त्यांची गोष्ट मोठ्या माणसांसाठी सांगतात. त्यात खून असतात, सूड असतो, नवरा-बायकोची भांडणे असतात. तीन उदाहरणे देते.

सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे अमेरिकेतील 'फेबल्स'. लेखक बिल विलिंगहॅम. पहिला अंक २००२ साली निघाला, १५० वा अंक २०१५ साली, आणि २०२२ मध्ये तिचे आणखी काही अंक निघाले. बहुतेक अंकांची चित्रे मार्क बकिंगहॅम यांची आहेत. या मालिकेविषयी पुढे सविस्तर लिहीन.

दुसरे उदाहरण २००५ साली सुरू झालेल्या 'ग्रिम फेअरी टेल्स'चे. तिच्यात सेला नावाची एक बाई जाड पोथी घेऊन फिरते आणि आडमार्गाला लागलेल्या माणसांना एकेक परीकथा दाखवून शहाणे करते. कल्पना आपल्याकडच्या बोधकथेसारखीच आहे. परंतु मुखपृष्ठांवरच्या स्त्रियांच्या अंगावर कपडे इतके थोडे असतात, की बोध आठवायच्या आधी पुस्तक उलटे ठेवावेसे वाटते.

तिसरे उदाहरण फ्रान्समधील आहे. फाबियाँ वेलमान यांची कथा आणि 'केरास्कोए' या नावाने काम करणाऱ्या चित्रकार दांपत्याची चित्रे असलेले हे पुस्तक २००९ साली निघाले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'सुंदर काळोख'. चित्रे पाण्याच्या रंगांतली, कोवळी, बालवाडीच्या भिंतीवर शोभतील अशी. परंतु गोष्ट सुरू होते ती रानात मरून पडलेल्या एका लहान मुलीपासून. तिच्या देहातून इवलीइवली परीकथेतली माणसे बाहेर पडतात आणि उघड्यावर जगू लागतात. हळूहळू ती एकमेकांशी क्रूरपणे वागू लागतात. मुलांसाठी हे पुस्तक मुळीच नाही. चित्र गोड दिसले म्हणजे पुस्तक मुलांचे असे समजू नये, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

आमच्या वेळच्या गोष्टी खरोखर गोड होत्या का?

आता आजींच्या तक्रारीकडे वळू. युरोपातील परीकथा मुळात लहान मुलांसाठी नव्हत्याच. नेपल्सच्या जांबात्तिस्ता बासिले यांचा कथासंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. त्यात झोपी गेलेल्या राजकन्येची जी कथा आहे ती मी येथे लिहू शकत नाही, इतकी ती अभद्र आहे. फ्रान्सच्या शार्ल पेरो यांनी १६९७ साली किपा अदुमाची कथा छापली. तिच्यात लांडगा आजीला खातो, मग मुलीला खातो, आणि कथा तेथेच संपते. लांडग्याचे पोट फाडून दोघींना बाहेर काढणारा शिकारी आपण ऐकला आहे, तो पेरोच्या कथेत नाही. तो ग्रिम बंधूंच्या संग्रहात भेटतो.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन भावांनी लोककथांचा पहिला खंड १८१२ साली आणि दुसरा १८१५ साली काढला. भाषा आणि लोकसंस्कृती यांचा अभ्यास हा त्यांचा हेतू होता. पुढे घरोघरी मुलांना या कथा वाचून दाखवल्या जाऊ लागल्या, आणि लोक म्हणू लागले की हे मुलांच्या कानावर पडणे बरे नाही. मग आवृत्तीगणिक, १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत, प्रामुख्याने विल्हेल्म यांनी कथा घासूनपुसून लिहिल्या.

त्यांनी काय काढले आणि काय ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या आवृत्तीत शिलगियाच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ पासून ती सावत्र झाली, कारण सख्खी आई असे करते हे छापणे जड वाटले. आमी आणि तामी, म्हणजे मूळचे हान्सेल आणि ग्रेटेल, यांना रानात सोडून देणारी आईसुद्धा पुढच्या आवृत्तीत सावत्र करण्यात आली. मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत म्हातारीला भोळेपणाने विचारते, की माझे कपडे हल्ली घट्ट का होऊ लागले? यावरून ती गरोदर असल्याचे म्हातारीला कळते. नंतरच्या आवृत्तीत हा प्रश्न गेला.

शिक्षा मात्र तशाच राहिल्या. दुष्ट राणीने तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायचे, हा शिलगियाच्या कथेचा शेवट शेवटच्या आवृत्तीतही आहे. लिखलुखितच्या, म्हणजे सिंडरेलाच्या, बहिणी जोड्यात पाय बसावा म्हणून एक अंगठा कापते आणि एक टाच. कबुतरे त्यांचे डोळे फोडतात हा भाग तर पहिल्या आवृत्तीत नव्हताच, तो नंतर घातला गेला. म्हणजे मुलांसाठी म्हणून स्त्री-पुरुषांच्या गोष्टी झाकल्या, आणि रक्त उलट वाढले.

पिनोकिओची हकीकतही अशीच. कार्लो कोलोदी यांनी १८८१ साली ती इटलीतील मुलांच्या एका पत्रात क्रमशः लिहिली. त्या लाकडी पोराला झाडाला टांगून फाशी देऊन त्यांनी गोष्ट संपवली होती. पुढे आग्रह झाला म्हणून ती वाढवली, आणि १८८३ मध्ये आपल्याला ठाऊक असलेला सुखाचा शेवट आला. शिलगियाचे गाणी म्हणणारे, गुबगुबीत रूप १९३७ च्या वॉल्ट डिस्नेच्या चित्रपटाने जगभर नेले. आपण ज्याला 'आमच्या वेळचे' म्हणतो ते बहुतेक हेच.

आणि आपल्या स्वतःच्या गोष्टी? कुलाबा जिल्ह्यातील आमच्या घरी दिवेलागणीला सांगितली जाणारी कावळा-चिमणीची गोष्ट आठवा. पावसात घर वाहून गेलेल्या कावळ्याला चिमणी दाराबाहेर ताटकळत ठेवते, आणि शेवटी आत घेते तेव्हा कावळ्याला चांगलाच चटका बसतो. भोपळ्यात बसून निघालेल्या म्हातारीला वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक जनावराला तिला खायचेच असते. आपण ज्याची वाट पाहत असू त्या 'चांदोबा' मासिकात विक्रम राजा स्मशानातून प्रेत खांद्यावर टाकून चालत असे, आणि ते प्रेत बोलत असे. आपण घाबरत होतो आणि पुढच्या अंकाची वाटही पाहत होतो.

आपल्या धर्मकथांचे काय सांगावे? योसेफाच्या भावांनी त्याचा रंगीबेरंगी झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवला आणि म्हाताऱ्या बापापुढे नेऊन टाकला. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी तनाखमधल्या कथा मराठी कीर्तनातून सांगायला सुरुवात केली, त्यांत योसेफाचे आख्यान आवडीचे. तो झगा पाहून याकोब फोडतो तो टाहो ऐकताना बायका पदराने डोळे पुसत. मांडीवरच्या मुलांना कोणी बाहेर पाठवत नसे.

काट्यांतला ज्यू

आता मला त्या कथेविषयी लिहायचे आहे, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

ग्रिम बंधूंच्या संग्रहात ११० व्या क्रमांकावर 'काट्यांतला ज्यू' ही कथा आहे. एका प्रामाणिक नोकराला एका बुटक्याकडून तीन वर मिळतात. त्यांत एक सारंगी असते. ती वाजली की ऐकणाऱ्याला नाचावेच लागते. वाटेत त्याला एक ज्यू भेटतो. ज्यू काटेरी झुडपात शिरलेला पाहून हा सारंगी वाजवू लागतो. ज्यू काट्यांत नाचतो, त्याचे कपडे फाटतात, अंग ओरबाडते, आणि सुटका व्हावी म्हणून तो पैशांची थैली देऊन टाकतो. पुढे तो न्यायाधीशाकडे दाद मागतो. नोकराला फाशीची शिक्षा होते. परंतु फाशीच्या शिडीवर तो पुन्हा सारंगी वाजवतो, सगळे गाव नाचू लागते, आणि दमलेला न्यायाधीश त्याला सोडतो. शेवटी ज्यूला कबूल करावे लागते की ते पैसे चोरीचे होते, आणि फाशी त्यालाच होते. कथा संपते, आणि ऐकणाऱ्याने हसावे अशी अपेक्षा असते.

यात विशेष असे की याच कथेच्या जुन्या रूपांत काट्यांत नाचणारा ज्यू नसून ख्रिस्ती साधू होता. कोणीतरी साधू काढून ज्यू बसवला. आणि १८२५ साली ग्रिम बंधूंनी मुलांसाठी म्हणून निवडक ५० कथांची छोटी आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यातही ही कथा घेतली. रापुन्झेलचे घट्ट झालेले कपडे ज्या काळात मुलांना ऐकवण्यासारखे वाटले नाहीत, त्याच काळात ज्यूला काट्यांत नाचवून फाशी देणे मुलांना ऐकवण्यासारखे वाटले. नाझी राजवटीत शाळांमधून ग्रिमच्या कथा वंशाभिमानासाठी वापरल्या गेल्या, हे आपण विसरू नये.

आपण बेने इस्राएल कोकणात शेजाऱ्यांच्या मायेत वाढलो. शनवार तेली म्हणून आपल्याला ओळखत, पण ज्यू म्हणून कोणी काट्यांत ढकलले नाही. त्यामुळे युरोपातून आलेल्या आपल्या इस्राएली शेजाऱ्यांना 'परीकथा' या शब्दामागे काय ऐकू येत असेल, हे आपल्याला चटकन कळत नाही. ही कथा वाचली की कळते.

तिच्यात रक्त जवळजवळ नाही. सारंगी आहे, नाच आहे, विनोद आहे. शंभर तलवारी आणि लांडगे असलेल्या चित्रकथेहून ती मला अधिक काळोखी वाटते, कारण ती लहान मुलाला एका माणसाच्या वेदनेवर हसायला शिकवते. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की पुस्तकात रक्त किती सांडले ते मोजत बसू नये. पुस्तक आपल्याला कोणासाठी हळहळायला लावते आणि कोणावर हसायला लावते, ते पाहावे.

अमेरिकेने रक्त मोजले तेव्हा

रक्त मोजण्याचा प्रयोग एकदा झालेला आहे. अमेरिकेत मॅक्स गेन्स या ज्यू प्रकाशकाने १९४२ साली बायबलमधील कथांची चित्रमालिका सुरू केली. पुढे त्यांनी 'ईसी' ही स्वतःची कंपनी काढली. तेव्हा 'ई' म्हणजे एज्युकेशनल, शैक्षणिक. १९४७ मध्ये नौकेच्या अपघातात ते वारले आणि मुलगा विल्यम याच्याकडे धंदा आला. त्याने 'ई'चा अर्थ बदलून मनोरंजन असा केला, आणि १९५० पासून भयकथांचे अंक काढले. त्यांतल्या 'द हॉन्ट ऑफ फिअर' या अंकात 'ग्रिम फेअरी टेल' नावाचे सदर येई. ग्रिम हे त्या भावांचे आडनाव, आणि इंग्रजीत 'ग्रिम' म्हणजे भेसूर. हान्सेल-ग्रेटेलसारख्या कथा त्यात उलट्यापालट्या करून सांगितल्या जात. आजच्या काळोख्या परीकथा-चित्रकथांचे आजोबा म्हणावेत ते हेच.

१९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने पुस्तक लिहून चित्रकथा मुलांना गुन्हेगार बनवतात असा आरोप केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटच्या समितीपुढे विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. कुऱ्हाड आणि तोडलेले मुंडके असलेले मुखपृष्ठ पुढे करून त्यांना विचारले गेले, की हे तुम्हाला सभ्य वाटते का? भयकथेच्या मुखपृष्ठाच्या मानाने सभ्यच आहे, असे उत्तर त्यांनी दिले. त्याचा परिणाम काय झाला असेल ते सांगायला नको. प्रकाशकांनी मिळून एक नियमावली केली. नावात 'हॉरर' शब्द नको, रक्ताचे पिशाच नको, शेवटी चांगल्याचाच विजय हवा. ईसीचे भयकथांचे अंक बंद पडले.

पण त्याच बदनाम कंपनीने १९५५ साली 'इम्पॅक्ट' नावाच्या नव्या मासिकाच्या पहिल्या अंकात 'मास्टर रेस' ही आठ पानांची कथा छापली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका माणसाला छळछावणीच्या आठवणी येतात, समोर एक चेहरा दिसतो आणि तो पळत सुटतो. वाचकाला वाटते हा छावणीतून वाचलेला कैदी असावा. शेवटी कळते की तो छावणीचा अधिकारी होता. बर्नार्ड क्रिगस्टीन यांनी तिची चित्रे काढली. शोआविषयी अमेरिकेतल्या साध्या वाचनात फारसे काही येत नव्हते, त्या काळात दहा सेंटच्या चित्रकथेने हे मुलांपुढे ठेवले. रक्त मोजणाऱ्यांच्या मोजमापात ही कथा कोठे बसते, याचा विचार करावा.

नियमावलीचा जोर हळूहळू ओसरला. १९९३ साली डीसी या मोठ्या प्रकाशकाने प्रौढ वाचकांसाठी 'व्हर्टिगो' नावाची शाखा काढली. 'फेबल्स' तिचीच. २०११ मध्ये शेवटच्या प्रकाशकांनीही ती नियमावली सोडून दिली.

'फेबल्स'मधले निर्वासित

आता त्या मालिकेची कथा सांगते. परीकथांच्या राज्यांवर एक अज्ञात शत्रू सैन्य घेऊन चाल करून येतो. गावेच्या गावे जळतात. जे वाचतात ते पळून आपल्या जगात येतात आणि न्यूयॉर्कच्या एका गल्लीत ओळख लपवून राहू लागतात. ज्यांना माणसाचे रूप नाही, म्हणजे तीन डुकरे, अस्वले वगैरे, त्यांना शहराबाहेरच्या एका शेतवाडीवर राहावे लागते. शिलगिया ही वस्तीची उपमहापौर. सगळा कारभार तिच्याच अंगावर पडलेला, आणि बुटक्यांचे नाव काढलेले तिला खपत नाही. तिचा राजपुत्र कधीच सोडून गेला. त्याने शिलगियाशी, झोपी गेलेल्या राजकन्येशी आणि सिंडरेलाशी अशी तीन लग्ने केली आणि तिन्ही मोडली. एकाच राजपुत्राने इतक्या कथांत काम केल्यावर दुसरे काय होणार!

वस्तीचा कोतवाल म्हणजे किपा अदुमाच्या आजीला खाणारा तोच लांडगा, आता माणसाच्या रूपात. तो तेथे राहू शकतो, कारण नव्या देशात येताना सर्वांनी एक करार केला आहे: जुन्या जगात कोणी काय केले ते माफ, येथून पुढे मात्र कायदा पाळायचा. पहिल्याच कथेत शिलगियाच्या बहिणीची खोली रक्ताने माखलेली सापडते आणि लांडगा तपास करतो. शेवटी उघड होते की खून झालेलाच नव्हता. फसवण्यासाठी रक्त मुद्दाम सांडलेले होते. योसेफाचा झगा माहीत असलेल्या वाचकाला हे ऐकून नवल वाटणार नाही.

पण पुढच्याच कथेत शेतवाडीवरची जनावरे बंड करतात. त्यांची तक्रार खोटी नसते. शहरातल्यांना गल्ली, आणि आम्हाला कुंपण? नव्या देशात आल्यावर कोणाला शहर मिळाले आणि कोणाला लांबच्या वस्तीत उतरवले, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या बंडाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

अज्ञात शत्रू कोण, ते पुष्कळ अंकांनंतर कळते. तो पिनोकिओला घडवणारा म्हातारा सुतार, जेपेटो. थोडे भले करावे म्हणून त्याने एक लाकडी राजा घडवला, मग एक मंत्री, मग एक सेनापती, आणि करता करता साम्राज्य झाले. २००६ च्या ५० व्या अंकात लांडगा त्याच्या झोपडीत जाऊन त्याच्याशी बोलतो आणि चक्क इस्राएलचे उदाहरण देतो. वैऱ्यांनी वेढलेला एक छोटा देश आहे, त्याला डिवचले की तो दुपटीने उत्तर देतो, आणि आमची वस्तीही तसेच करणार, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. हे उदाहरण कोणाला पटले, कोणाला बोचले. मी येथे राजकारण आणत नाही. पण आपला नातू ते पान वाचत असेल, तर त्यावर त्याच्याशी बोलायला त्याच्या सवतेइतके योग्य माणूस कोण?

लेखक परीकथांकडेच का वळतात, याचे कारणही येथे दिसते. शिलगिया कोण हे वाचकाला सांगावे लागत नाही, एक ओळ पुरते. मग 'ते सुखाने राहू लागले' या वाक्यापुढे काय झाले, ते विचारायला सगळी पाने मोकळी राहतात.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, पुस्तकाच्या मागच्या बाजूला प्रौढ वाचकांसाठी असल्याची सूचना आहे का ते पाहावे. 'फेबल्स'च्या अंकांवर ती छापलेली असे. अशी पुस्तके दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती असू नयेत, आणि तसे आई-वडिलांना सांगायला संकोच करू नये. सतरा-अठरा वर्षांच्या नातवाची गोष्ट वेगळी. तो थोड्याच दिवसांत सैन्यात जाणार असतो. त्याच्या हातातली चित्रे हिसकावून घेण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, चित्राची ताकद ओळखावी. कीर्तनकार रक्ताचा झगा शब्दांत उभा करतो, आणि ऐकणारे मूल त्याला सोसेल एवढाच मनात रंगवते. चित्रात ते मोजमाप चित्रकाराच्या हाती जाते. मात्र चांगला चित्रकार सगळे दाखवत नाही. एका चौकटीत कुऱ्हाड उचललेली आणि पुढच्या चौकटीत फक्त किंकाळी असली, तर घाव वाचकानेच मनात घातलेला असतो. स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराने १९९३ च्या आपल्या पुस्तकात हे छान समजावले आहे. म्हणून पान भराभर उलटू नये, दोन चौकटींच्या मध्ये काय झाले असेल ते मुलाला विचारावे. वाचण्याची दिशाही ध्यानात ठेवावी. इंग्रजी चित्रकथा डावीकडून उजवीकडे जाते. जपानी चित्रकथा मात्र हिब्रूसारखी उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणजे ती आपल्या नातवंडांना सोपी आणि आपल्याला सिद्दुरसारखी.

तिसरी गोष्ट, वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. यात तुला कोणाची दया आली? कोणावर हसू आले? आणि ज्याला शिक्षा झाली त्याला बोलायची संधी मिळाली का? काट्यांतल्या ज्यूच्या कथेला हे प्रश्न विचारून पाहा, तिची उत्तरे लगेच मिळतात. लांडग्याला माफी देणाऱ्या वस्तीच्या कथेला विचारा, तेथे मुलाला जरा विचार करावा लागेल. नातवंडे मोठी असतील तर त्यांना ती काट्यांची कथा सांगावीसुद्धा. परीकथा हे नाव असले म्हणजे सगळे निरागस असते असे नाही, हे त्यांना आपल्याकडून कळलेले बरे.

चौथी गोष्ट आपल्याच हातात आहे. त्यांची गोष्ट ऐकून झाली की आपली एक सांगावी. विक्रम आणि वेताळ सांगावा, शेणाच्या घरातला कावळा सांगावा, योसेफाचा झगा सांगावा. हान्सेल आणि ग्रेटेल हिब्रूत आले तेव्हा आमी आणि तामी झाले, आणि इथल्या मुलांना ती आपलीच भावंडे वाटली. तसा आपला वेताळही हिब्रू बोलू लागला तर बिघडत नाही. 'प्रेत', 'स्मशान', 'खांदा' हे शब्द हिब्रूत आठवत नसतील तर नातवंडांनाच विचारावेत, आणि त्यांना मराठी शब्द द्यावा. राजाच्या खांद्यावरच्या प्रेताला मराठीत काय म्हणतात, हे त्यांना एकदा कळले की ती ते सहसा विसरत नाहीत.